दादाचा लॅपटॉप, माझे चोवीस रकाने

५ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.४०

ग्राफिक्स कार्ड म्हणजे नक्की काय?

मला माहीत नाही. हे इथे लिहून ठेवते, कारण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. घरात हे वाक्य उच्चारायची सोय उरलेली नाही. गेल्या वर्षी पदवी मिळाल्यापासून आमच्याकडे जे जे छापील येतं ते माझ्यासमोर ठेवलं जातं. बाबांच्या डोळ्यांच्या थेंबांबरोबरचा कागद, कुकरचं पुस्तक, जिन्यात लावलेली पाणी बंदची सूचना. मी वाचते, मान डोलावते, मग घरात पुढची हालचाल होते. आमच्या सात पिढ्यांत मी पहिली पदवीधर. राज्यशास्त्र, प्रथम श्रेणी.

आज चहा पिताना दादाने जाहीर केलं की बारा मार्चला त्याला तिशी लागते, आणि या वाढदिवसाला त्याला लॅपटॉप घ्यायचा आहे. गेम खेळायला. त्यासाठी वर्षभर जादा काम करून पैसे बाजूला ठेवलेत. आई म्हणाली, आजवर स्वतःसाठी रुमालसुद्धा मागितला नाहीस, घे बाबा. बाबा म्हणाले, घे, पण हिला विचारल्याशिवाय घेऊ नकोस. दादा म्हणाला, विचारतोच आहे, विद्वान, तूच बघ. (तो मला विद्वान म्हणतो. आदराने.) त्याच्या हातात घडी केलेली चिठ्ठी होती. मी म्हटलं, काळजी करू नकोस, सगळं माझ्यावर सोड. त्याने चिठ्ठी परत शर्टाच्या खिशात घातली.

दादा गॅरेजमध्ये मेकॅनिक आहे. हाताचा कुशल, पण ही वस्तू वेगळी. इथे अभ्यास लागतो.

संकल्प: कोणाचं ऐकीव घ्यायचं नाही. मुळापासून अभ्यास.

७ फेब्रुवारी

वाचनालयात संगणकावरचं पुस्तक मिळालं. एकच होतं. थोडं जुनं आहे, फ्लॉपीवर दोन प्रकरणं आहेत, पण मूलतत्त्वं बदलत नसतात. अकरा पानं टिपणं काढली. प्रोसेसर हा मेंदू, मेमरी ही स्मरणशक्ती. ग्राफिक्स कार्डाचा शेवटच्या सूचीतही उल्लेख नाही. यावरून ते फारसं महत्त्वाचं नसावं.

संध्याकाळी दादाला द्विमान पद्धत समजावली. शून्य आणि एक. तो वीस मिनिटं हूं की चूं न करता ऐकत होता. शेवटी एकच विचारलं, ग्राफिक्सची मेमरी सहा पुरेल की आठच घ्यावी. मी म्हटलं, दादा, एकदम शेवटच्या पानावर उडी मारायची नसते. तो म्हणाला, बरं बाई.

कुठूनतरी शब्द कानावर पडलेले असतात बिचाऱ्याच्या.

९ फेब्रुवारी. दुपारी

तक्ता केला. चौदा लॅपटॉप, तेवीस रकाने. वजन, रंग, पडदा, बटणांचा आवाज, हमी, खोक्याच्या पुठ्ठ्याचा पुनर्वापर, कंपनी कामगारांना कसं वागवते इत्यादी. हा शेवटचा रकाना भरायला सर्वांत वेळ लागला. माहिती मिळाली नाही, म्हणून सगळ्यांना मध्यम गुण दिले.

बाबांना दाखवला. बाबा शाळेचे गणवेश शिवतात. मशीन थांबवून, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तक्ता आडवा, मग उभा पाहिला. मग विचारलं, माप कोणाचं घेतलंस? मी सांगितलं, हा सर्वसाधारण अभ्यास आहे. बाबा म्हणाले, सर्वसाधारण मापाचा शर्ट कोणालाच बसत नाही, पोरी. आणि मशीन सुरू केलं.

सूचना चांगली आहे. चोविसावा रकाना जोडला: ‘माप’. त्यात पडद्याची लांबी-रुंदी भरली.

१२ फेब्रुवारी, रविवार

दादाबरोबर दुकान पाहायला गेले. बाजारातलं मोठं दुकान, काचेचं दार, आत गारठा. विक्रेता टाय लावलेला. आम्हाला पाहताच, या उस्ताद, म्हणाला. मी आजूबाजूला पाहिलं. दादाला म्हणत होता. असे लोक गिऱ्हाइकाला हरभऱ्याच्या झाडावर चढवण्यात पटाईत असतात.

मी तक्ता उघडेपर्यंत दादा नाकासमोर चालत थेट मागच्या कोपऱ्यात. तिथे एक काळा, जाडजूड लॅपटॉप होता. बटणांखाली लाल दिवे. बघूनच डोळे दुखावेत. दादा त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायला बसला. समुद्राच्या कडेने रस्ता, वळणं, बोगदे. मागे पाचसहा माणसं जमली. एकाने टाळी वाजवली. मी दादाला उठवलं. म्हटलं, आपण खरेदीच्या अभ्यासाला आलोय, खेळायला नाही.

उठताना त्याने लॅपटॉप उलटा केला, खालची-मागची जाळी पाहिली, बोनेटवर ठेवतात तसा तळवा टेकवला. म्हणाला, मस्त, हवा खेळते आहे. सवय जात नाही माणसाची. टायवाला आणि तो मग दहा मिनिटं कुजबुजत होते. टायवाला त्याला काहीतरी विचारत होता आणि दादा हातवारे करून सांगत होता. मी जवळ गेल्यावर दोघे गप्प झाले. बहुधा गॅरेजचं काही असावं.

टायवाल्याने मला विचारलं, ताई, रिफ्रेश रेट किती बघताय? मी म्हटलं, ते घरी चर्चेनंतर ठरेल.

घरी येताना दादा विचारत होता, काळा कसा वाटला. म्हटलं, रंगाला फक्त चार गुण आहेत.

१४ फेब्रुवारी

एक प्रश्न मनाला टोचतो आहे. माणूस दहा तास गाड्यांखाली पडून असतो, मग घरी येऊन पुन्हा गाड्याच? काही उन्नत करमणूक नको? दादाला सरळ विचारलं.

तो हात धूत होता. काळं तेल नखांतून निघत नाही म्हणून ब्रशने घासतो. म्हणाला, अगं, रोज लोकांच्या गाड्या खालून बघतो. दुरुस्त झाली की ट्रायल घ्यायची. गल्लीच्या टोकापर्यंत जायचं आणि तिथून वळून परत यायचं. पुढचा रस्ता गिऱ्हाइकाचा. चौदा वर्षं झाली, त्या टोकाला रोज वळतोय. एकदा सरळ जाऊन बघायचंय. मग हसला आणि टॉवेल माझ्या डोक्यावर टाकून गेला.

तक्त्यात ‘हेतू’ या रकान्यात लिहिलं: मनोरंजन.

१७ फेब्रुवारी

दादाने दहावीनंतर शाळा सोडली तेव्हा मी तिसरीत होते. का सोडली, हे घरात कोणी बोलत नाही. मी इतकंच जाणते की माझं दप्तर कधी जुनं नव्हतं.

आज वाचनालयातून येताना एकदम लख्ख प्रकाश पडला. लॅपटॉप हे दादाच्या शिक्षणाचं साधन होऊ शकतं! गेमच्या निमित्ताने तो यंत्रासमोर बसेल, यंत्रावर पुस्तकं असतील, पुस्तकांतून बारावी. बाहेरून बसता येतं. फॉर्म आणला, भरलासुद्धा. विषय अर्थशास्त्र निवडला, पाया पक्का होतो. वाढदिवसाला द्यायचा. कोणाला सांगायचं नाही.

संकल्प: उद्यापासून तक्त्यात ‘शैक्षणिक उपयोग’ या रकान्याला दुप्पट गुण.

२० फेब्रुवारी

नव्या गुणांकनाने निकाल स्पष्ट झाला. एक चंदेरी, सडपातळ लॅपटॉप पहिला आला. वजन एक किलो शंभर ग्रॅम. वजनाला मी बरेच गुण ठेवले होते, कारण दादाला तो नेता-आणता यायला हवा. (दादा गिअरबॉक्स खांद्यावर उचलतो, पण म्हणून त्याच्यावर आणखी भार टाकावा का?) बटणं मऊ आहेत. लिहायला उत्तम.

काळा बारावा आला. चौदापैकी.

दादा दिवसभर गॅरेजवर असतो. तेवढा वेळ लॅपटॉप घरात नुसता पडून राहणार. पडून राहिलेली वस्तू खराब होते, हे आईच म्हणते. तेव्हा दिवसा मी त्यावर एम.ए.च्या प्रवेशाची तयारी करावी, म्हणजे यंत्र चालतं राहील. हा विचार तक्ता झाल्यानंतर सुचला. निकालावर त्याचा परिणाम नाही.

टेबलावर दादाची ती चिठ्ठी पडली होती. आकडे आणि इंग्रजी अक्षरं. कुठल्यातरी सुट्या भागाची मागणी दिसते. मागची बाजू कोरी होती, तिच्यावर गुणांची बेरीज केली.

२३ फेब्रुवारी

आईने विचारलं, काय ठरलं त्या लॅपटॉपचं? आई एका ऑफिसच्या कँटीनमध्ये मुख्य आहे. दोनशे माणसांचं जेवण तिच्या हाताखालून जातं, त्यामुळे ती प्रत्येक गोष्ट जेवणासारखीच बघते. मी निकाल सांगितला. आई म्हणाली, त्याला दाखवलास? मी म्हटलं, अजून नाही, वाढदिवसाला एकदमच. आई म्हणाली, ताटात काय वाढायचं ते जेवणाऱ्याला विचारतात गं. मी समजावलं की ज्याला वस्तू हवी असते त्याचं मत पक्षपाती असतं, म्हणून संशोधनात ते जपून वापरतात. आई म्हणाली, तेवढी भाजी परतायला घे. पक्षपात न करता.

भाजी थोडी लागली. माझ्या डोक्यात दुसरे विचार होते.

२६ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६

घेतला!

दादाला अचानक गॅरेजला जावं लागलं. रुग्णवाहिकेचा क्लच गेला होता. जाताना पैशांचं पाकीट माझ्या हातात देऊन म्हणाला, तुला सगळं कळलंय ना? मी म्हटलं, पूर्ण. म्हणाला, चिठ्ठी आहे ना? मी म्हटलं, जपून ठेवली आहे. (खरंच ठेवली आहे, बेरीज तिच्यावरच आहे.) म्हणाला, मग झालं तर. शीळ घालत गेला.

बाबांना बरोबर नेलं. टायवाल्याने काळा लॅपटॉप आधीच काउंटरवर काढून, पुसून ठेवला होता. का, कोण जाणे. मी चंदेरीकडे बोट दाखवलं. त्याने विचारलं, ताई, गेमसाठी ना? म्हटलं, हो. त्याने पुन्हा तेच विचारलं. पुन्हा हो. म्हणाला, यात ग्राफिक्स कार्ड वेगळं नाही. मी म्हटलं, वेगळं कशाला हवं, सगळं एकत्र गुण्यागोविंदाने राहिलेलं बरं. तो म्हणाला, उस्तादांना एक फोन लावू का? मी म्हटलं, निर्णय माझ्यावर सोपवलेला आहे. पावतीवर त्याने लाल पेनाने लिहिलं: ग्राहकाच्या आग्रहावरून. आणि सांगितलं, पंधरा दिवसांत बदलून मिळेल, बारा तारखेपर्यंत. दोनदा सांगितलं. आत्मविश्वास नसलेले विक्रेते असं करतात.

बाबांनी कडेवरून बोट फिरवलं. म्हणाले, शिवण चांगली आहे. मग हळूच म्हणाले, पण कापड कोणत्या कामाचं?

संकल्प: बारा तारखेपर्यंत खोकं उघडायचं नाही.

२६ फेब्रुवारी. संध्याकाळी ७.१५

उघडलं. आत लॅपटॉपच आहे ना, याची खात्री करणं ही प्राथमिक जबाबदारी आहे.

१ मार्च

यंत्राची चाचणी घेतल्याशिवाय भेट देणं बेजबाबदारपणाचं ठरेल. रोज सकाळी वाचनालयात नेऊन चाचणी घेते आहे. आज सहा पानं लिहिली. बटणं खरंच मऊ आहेत. झाकणावर माझ्या नावाची लहानशी पट्टी चिकटवली. वाचनालयात वस्तू हरवतात.

४ मार्च

आज गेमची चाचणी. दादाचा तो शर्यतीचा गेम टाकायला घेतला, तर जागा अपुरी आहे असा संदेश. एवढा मोठा गेम बनवणाऱ्यांना संक्षेपाची शिस्त नाही. आमच्या सरांनी असा निबंध परत केला असता.

मग पत्त्यांचा गेम टाकला. सुरेख चालला. एकदाही अडकला नाही. तीन डाव हरले, चौथा जिंकला. म्हणजे लॅपटॉप गेम खेळायला योग्य आहे, हे प्रयोगाने सिद्ध.

दादा रोज संध्याकाळी विचारतो, कुठे लपवलंयस? मी सांगत नाही. काल टेबलाचा कोपरा रिकामा करून त्याने तिथे भिंतीत प्लग बसवला. मागे वीतभर जागा सोडली. म्हणाला, मागून गरम हवा बाहेर पडायला जागा लागते. चंदेरीला मागे जाळीच नाही, हे त्याला कुठे माहीत! तेवढीच जागा वाचेल.

९ मार्च

चाचणीची एकूण पानं: चाळीस.

वाढदिवसाचं भाषण लिहून झालं. ‘ज्ञान आणि गती’. चार मिनिटांचं.

दादाने गॅरेजमधल्या लोकांना सांगून ठेवलंय की रविवारी तो कोणाला भेटणार नाही, फोन आला तरी उचलणार नाही. इतका आनंद त्याला मी कधी झालेला पाहिला नाही. योग्य निवडीचं हे बळ.

१२ मार्च, रविवार. संध्याकाळी ५

आजचा दिवस एकूण चांगला गेला. क्रमाने लिहिते.

सकाळी आठ वाजता भेट दिली. दादाने कागद न फाडता सोडवला. बाबांकडून आलेली सवय. झाकण दिसलं. मग माझ्या नावाची पट्टी दिसली. म्हणाला, अरे वा, किती हलका आहे. आनंदाने माणसाचे शब्द आटतात. मी भाषण केलं. आईने मध्येच चहा आणला, त्यामुळे ‘गती’चा भाग राहिला.

त्याने लॅपटॉप उलटा केला. तळवा ठेवला. बोटांनी कडा चाचपल्या. काही शोधत असावा. म्हणाला, सुंदर आहे.

मग माझी चाळीस पानं पेन ड्राइव्हवर काढली, दादाने नको ती सगळी सॉफ्टवेअरं पुसून जागा केली आणि त्याचा गेम टाकला. त्यात दुपार झाली. आम्ही सगळे मागे उभे. समुद्राकडेचा रस्ता आला. गाडी निघाली. म्हणजे निघाली असावी, कारण एक चित्र दिसलं, मग थोड्या वेळाने दुसरं. दादाने डावीकडे वळवलं. गाडी विचार करत राहिली. वळली तेव्हा ती आधीच भिंतीत होती. पुन्हा सुरू केलं. पुन्हा भिंत. बाबा म्हणाले, रस्ता अरुंद आहे का? लॅपटॉप इतका तापला की आईने कढईखाली ठेवायची चकती आणून त्याखाली सरकवली.

दादाने गेम बंद केला. म्हणाला, बॉडी झकास आहे, इंजिन स्कूटरचं आहे. आणि लगेच म्हणाला, पण स्कूटर काय वाईट? आपल्याला कुठे लांब जायचंय?

मी सांगितलं, दोष गेमचा आहे, पत्ते उत्तम चालतात. तो म्हणाला, दाखव. मी दाखवलं. तो पत्ते खेळला. दोन डाव. चांगले हरला.

बारावीचा फॉर्म दिला. त्याने वरपासून खालपर्यंत वाचला, प्रत्येक ओळ. म्हणाला, अर्थशास्त्र? घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. त्याच खिशात.

मग म्हणाला, जरा गॅरेजला चक्कर मारून येतो. आज कोणी बोलावलं नव्हतं.

एकूण चांगला गेला.

१३ मार्च. सकाळी

एम.ए.च्या टिपणांत खूण म्हणून ठेवलेला कागद खाली पडला. बेरजेचा. उचलताना उलटा झाला.

सुटे भाग वाटले होते ते. आज एकेक अक्षर वाचलं. लॅपटॉपचा नंबर. ग्राफिक्स कार्डाचा नंबर, पुढे ‘आठच, सहा नको’. पडद्याचा रिफ्रेश रेट १४४. दोन पंखे, मागची जाळी मोठी. दुकानाचं नाव, ‘मागचा कोपरा’. अक्षर एवढं नीट, जणू परीक्षेत लिहिलंय. आणि सगळ्यात खाली, अधोरेखित: विद्वानला विचारून.

यावर विचार करायला हवा. आत्ता नको. वाचनालय उघडायची वेळ झाली आहे.

१३ मार्च. दुपारी १

वाचनालयात गेले नाही. दुकानात गेले.

टायवाला म्हणाला, चिठ्ठी दाखवताय होय, ती मला पाठ आहे. दादा वर्षभर जेवणाच्या सुटीत तिथे जातो. डबा पंधरा मिनिटांत संपवतो आणि येतो. इंग्रजीतले लेख मोबाइलवर वाचतो, अडलेले शब्द वहीत लिहितो. कोणाचा लॅपटॉप तापून बंद पडत असेल तर टायवाला त्यालाच विचारतो, म्हणून उस्ताद. मी विचारलं, मग ग्राफिक्स कार्ड म्हणजे नक्की काय? टायवाला म्हणाला, आम्हाला उस्तादांनीच सोपं करून सांगितलं: प्रोसेसर गाडी चालवतो आणि कार्ड समोरचा रस्ता रंगवतं. तुम्ही चालक घेतलात, रस्ता घेतला नाहीत.

एका वाक्यात. माझी अकरा पानं आहेत.

बदलून मागितला. तो म्हणाला, मुदत काल संपली. शिवाय खोकं फोडलेलं, झाकणावर पट्टी. मी म्हटलं, पट्टी निघेल. तो म्हणाला, ताई, पट्टीचं नाही हो.

१३ मार्च. संध्याकाळी

आई कँटीनमधून आली तेव्हा तिला विचारलं, दादाला सगळं माहीत होतं, तर त्याने मला का विचारलं?

आई चपला काढत होती. म्हणाली, अगं, घरात पहिली मोठी वस्तू त्याची स्वतःची. ती तुझ्या होकाराशिवाय कशी घेईल? सगळं शोधून ठेवलं होतं त्याने. तू चिठ्ठी वाचायचीस आणि हो म्हणायचंस. नुसतं हो म्हणायचं होतं गं. गॅरेजमध्ये सांगून आला होता, माझ्या बहिणीने पसंत केलाय.

मी म्हटलं, मग त्याने तसं सांगायचं ना. आई म्हणाली, सांगू दिलंस का?

मी म्हटलं, मी विचारात घेतलं असतं. मग भाजी परतायला घेतली. ती लागली नाही, कारण डोक्यात एकच गोष्ट होती.

आतल्या खोलीत दादा पत्ते खेळत होता. बाबांना सांगत होता, मजा येते.

१८ मार्च, शनिवार. दुपारी ३.१०. दुकानातून

गिऱ्हाईक नाही, म्हणून लिहिते.

मंगळवारी काय केलं ते टिपून ठेवायचं राहिलं. पट्टी काढली, तेलाने डाग पुसला, चंदेरी लॅपटॉप घेऊन दुकानात गेले. टायवाल्याला सांगितलं की चिठ्ठी मी वाचलीच नव्हती. हे मोठ्याने बोलायला दुकानाबाहेर तीन फेऱ्या लागल्या. तो बराच वेळ डोकं खाजवत राहिला. मग म्हणाला, दुसऱ्या कोणासाठी केलं नसतं, पण उस्तादांसाठी करतो. बदल्यात जून संपेपर्यंत शनिवार-रविवार मी दुकानात उभं राहायचं. मी लगेच विचारलं, लोकांना यंत्रांची माहिती द्यायची का, माझा अभ्यास झालेला आहे. तो घाईने म्हणाला, नको नको. खोकी मांडायची, काचा पुसायच्या, आणि कोणी काही विचारलं तर एकच वाक्य बोलायचं. वाक्य त्याने लिहून दिलं.

काळा लॅपटॉप मी त्याच दिवशी टेबलाच्या कोपऱ्यात, वीतभर जागा सोडून, ठेवला. वर चिठ्ठी. ‘विद्वानला विचारून’च्या खाली ‘हो’ लिहून सही केली. भाषण केलं नाही. तयार होतं, पण केलं नाही.

दादा आला, हात धुतले, ब्रशने नखं घासली, मग चिठ्ठी वाचली. लॅपटॉपकडे आधी बघितलंच नाही. चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, विद्वान, सही जरा तिरकी आली. मग खुर्ची ओढली. समुद्राकडेचा रस्ता आला. या वेळी पाणी हलत होतं. बाबा म्हणाले, आता बसलं माप. पहिल्या वळणावर दादाने वेग कमी केला, सवयीने, परत फिरण्यासाठी. आई मागून ओरडली, अरे, सरळ जा की!

तो सरळ गेला.

बारावीचा फॉर्म काल माझ्या टेबलावर परत आला. त्यात मी त्याचं जन्मसाल चुकवलं होतं, दोन वर्षांनी म्हातारा केला होता. त्याने ते दुरुस्त केलंय, आणि अर्थशास्त्रावर बारीक काट मारून बाजूला प्रश्नचिन्ह. पुढे काही लिहिलेलं नाही. मीही भरलेलं नाही. (माझ्या मनात एक विषय आहे. पण मी विचारेन.)

तक्ता मात्र फेकला नाही. आईला कपाट घ्यायचंय असं कानावर आलं आहे.

आत्ताच एक काका आत आले. नातवासाठी हवा म्हणाले, गेम खेळायला, आणि माझ्याकडे बघून विचारलं, मॅडम, यातला कोणता चांगला? मी उठून उभी राहिले आणि सकाळपासून अकराव्यांदा ते वाक्य बोलले: मला माहीत नाही, विचारून सांगते.

आणि दादाला फोन लावला.